स्वस्त फिटनेस बँड घेताना यादी नको, पट्टा आणि पावले तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर हजार-बाराशेच्या स्मार्टवॉचच्या जाहिरातींची रेलचेल असते. बीपी, शुगर, ऑक्सिजन, ईसीजी, शंभर प्रकारचे खेळ अशी लांबलचक जंत्री आणि शेजारी खोडलेली पाच-सात हजारांची किंमत. मुले हौसेने आईवडिलांसाठी घेतात आणि मग घरातले ज्येष्ठ बीपीची गोळी आज घ्यायची की नाही हे मनगटाकडे बघून ठरवू लागतात. ही गोष्ट जिवाशी येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात असल्याने या बँडच्या आत काय असते आणि काय नसते हे माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पाच हजारांच्या आतला बरा बँड तीन कामे नीट करतो. पावले मोजतो, बसल्याजागी किंवा झोपेत नाडीचे ठोके मोजतो आणि फार वेळ बसून राहिलात की थरथरून उठवतो. या तीन कामांसाठी तो जरूर घ्यावा. उरलेल्या जंत्रीसाठी मात्र एक रुपयाही जादा मोजू नये.

आधी रक्तदाबाचे बघू. दंडावर बांधायचे यंत्र हवा भरून रोहिणी दाबते, रक्ताचा प्रवाह थांबवते आणि हवा सोडताना उमटणाऱ्या कंपनांवरून दाब काढते. हजाराच्या घड्याळात ना हवा भरणारा पट्टा, ना पंप. ते प्रकाशाने नाडीची लाट बघते आणि तिच्यावरून अंदाज बांधते. सॅमसंगच्या महागड्या घड्याळांत रक्तदाबाची सोय आहे, पण तीही दर २८ दिवसांनी दंडावरच्या खऱ्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागते. बाराशेचे घड्याळ अशी जुळणी कधी मागतच नाही. पट्ट्यात खरोखर हवा भरणारी मनगटी घड्याळे ओमरॉन आणि हुआवे यांनी काढली आहेत. त्यांची किंमत या बँडच्या कित्येक पट आहे.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. रुमालाची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर घड्याळ बांधा आणि रक्तदाब मोजायला लावा. गुंडाळीचा रक्तदाब १२१/७९ आला, तर तो आकडा कुठून आला हे विक्रेत्यालाच विचारा. नाडीच्या बाबतीत मात्र ही परीक्षा वापरू नका. परत येणाऱ्या प्रकाशातल्या बारीक चढउतारात लय शोधणे हेच सेन्सरचे काम असल्याने चांगला बँडही कापडावर कधीकधी ७०-८० ठोके दाखवतो. तेवढ्यावरून तो बोगस ठरत नाही.

रक्तातल्या साखरेचा दावा तर साफ खोटा समजावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता, की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे जे साखरमापक मिळतात, त्यांचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो. घड्याळ त्यांचा आकडा फक्त दाखवते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने चुकीच्या आकड्यावर मात्रा वाढवली, तर साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. ईसीजीची खूणही लक्षात ठेवा. त्यासाठी विजेचे मंडल दोन्ही हातांतून पूर्ण व्हावे लागते. म्हणजे घड्याळाची पाठ एका मनगटाला आणि दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या कडेवरच्या धातूला टेकलेले हवे. बोट न लावता पडद्यावर ईसीजीची रेघ धावू लागली, तर ते नुसते चित्र आहे.

ऑक्सिजन मोजायला लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश लागतात. मोजणी चालू करून घड्याळ किंचित उचला. खाली फक्त हिरवा दिवा लुकलुकत असेल आणि लाल दिसतच नसेल, तर त्या ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नाही. खरा सेन्सर असला तरी पट्टा सैल, हात गार किंवा त्वचा सावळी असेल तर आकडा हलतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची अचूकताही त्वचेच्या रंगानुसार बदलू शकते, असे याच अमेरिकी प्रशासनाने २०२१ मध्ये कळवले होते. धाप लागली असताना बँड ९६ दाखवतो म्हणून घरी थांबू नये.

नाडीचा हिरवा दिवा मात्र खरोखर कामाचा आहे. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषते. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त वाढते, प्रकाश कमी परत येतो, आणि बँड हे चढउतार मोजतो. त्यामुळे पट्टा कसा बांधला आहे यावर सगळे अवलंबून असते. मनगटाच्या हाडावर बांधलेला बँड हलतो, फट पडते, बाहेरचा उजेड आत शिरतो. हाडापासून कोपराच्या दिशेने दोन बोटे वर बांधा. चालताना घसरणार नाही इतका घट्ट, पण काढल्यावर खोल वळ उमटणार नाही इतकाच. व्यायामाच्या वेळी एक भोक आणखी आवळा आणि नंतर सैल करा.

बांगड्या घालणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत जाहिराती गप्प असतात. बँड बांगड्यांच्या खाली, हाताच्या पंज्याकडे बांधला की प्रत्येक हालचालीला बांगडी त्याच्यावर आपटते. काचेला ओरखडे पडतात ते वेगळेच, पण त्या धक्क्याने बँड किंचित उचलला जातो, सेन्सर आणि त्वचा यांत फट पडते आणि बसल्याजागी १३०-१४० ठोके दिसून उगाच घाबरगुंडी उडते. बांगड्या पंज्याकडे आणि बँड त्यांच्यावर, कोपराकडच्या बाजूला, असा क्रम ठेवावा. शक्य असेल तर बांगड्या कमी असलेला हात निवडावा आणि ॲपमध्ये डावा-उजवा हात बरोबर भरावा. बारीक मनगटासाठी पट्ट्याचे शेवटचे भोक दुकानातच लावून पाहा. मोठ्या चौकोनी घड्याळाच्या कडा बारीक मनगटाच्या बाहेर येतात, मध्ये पोकळी राहते आणि मग कितीही आवळले तरी सेन्सर टेकत नाही. अशा हाताला अरुंद, उभा बँडच बरा.

नाडी पडताळून बघायला डॉक्टर लागत नाही. पाच मिनिटे शांत बसा, दुसऱ्या हाताच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडून असेल तर तोही लावा. पाचएक ठोक्यांचा फरक चालतो. मग तीन मिनिटे भरभर चालून लगेच पुन्हा मोजा. पळताना आणखी एक चूक होते: हाताच्या झोक्याची लय नाडीपेक्षा ठळक असते, बँड तिलाच नाडी समजतो आणि मिनिटाला १६०-१७० पावले पडत असली की ठोकेही तेवढेच दाखवत राहतो. पट्टा आवळल्यावर हे बरेचदा सुधारते. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी व्यायामात ठोके किती असावेत यासाठी बँड सांगतो त्या मर्यादांकडे (हार्ट रेट झोन) दुर्लक्ष करावे. या गोळ्या ठोके मुद्दाम कमी ठेवतात आणि बँड तर जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय या ढोबळ सूत्रावर चालतो. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ही खूण त्यांना जास्त उपयोगी.

आता पावले. बँडमध्ये तीन दिशांतल्या वेगाचे बदल टिपणारा इवलासा सेन्सर असतो. हाताचा झोका ठरावीक लयीत आला की तो पाऊल धरतो. उगाच हाललेला हात मोजला जाऊ नये म्हणून बहुतेक बँड सलग आठ-दहा पावले पडल्याशिवाय मोजायलाच सुरुवात करत नाहीत. म्हणून ओट्यापासून बाल्कनीपर्यंतच्या चार-पाच पावलांच्या दिवसभराच्या खेपा बँडच्या खाती जमा होत नाहीत. उलट कणीक मळताना, कपडे घासताना पावले वाढतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवली की हँडलची थरथर पावले म्हणून मोजली जाते. भाजीची जड पिशवी त्याच हातात धरली किंवा मॉलमध्ये ट्रॉली ढकलली की झोका थांबतो आणि पावले गळतात. वॉकर घेऊन किंवा फार सावकाश चालणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत मनगटाचा बँड बराच कमी आकडा दाखवतो. त्यांच्यासाठी कमरेला लावायचा साधा पावलेमापक बरा.

घेतल्या घेतल्या ही तपासणी करा, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. आकडा टिपून घ्या, सपाट जागेवर मनात मोजत नेहमीच्या चालीने २०० पावले चाला आणि मिनिटभर थांबून पुन्हा आकडा बघा, कारण पडद्यावर तो थोडा उशिरा येतो. १९० ते २१० मध्ये असेल तर बँड उत्तम. मग तीच २०० पावले पिशवी धरून चाला. नंतर चार-पाच किलोमीटर दुचाकी चालवून किती पावले फुकट जमा झाली ते पाहा. दोन-तीनशे वाढली तर त्या बँडचा दिवसाचा आकडा धरून चालायचे नाही, गाडीवर बसताना तो काढून ठेवायचा.

स्वस्त बँडमध्ये अंतर हे पावलांवरून आणि उंचीवरून काढलेले असते. उंचीच्या साधारण ४१ टक्के म्हणजे एक पाऊल, असा हिशेब. १६० सेंटिमीटर उंचीला ६६ सेंटिमीटर. आपली चाल तशी असेलच असे नाही. जवळ ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर आतल्या पहिल्या मार्गिकेतून चार फेऱ्या मारा. समजा २,४०० पावले पडली, तर १,६०० भागिले २,४०० म्हणजे ६७ सेंटिमीटर. हा आकडा ॲपमध्ये भरण्याची सोय असेल तर भरा. जाहिरातीत नुसते ‘जीपीएस’ लिहिलेले असते, तेव्हा ते घड्याळातले की मोबाइलचे हे विचारून घ्या. मोबाइलचे असेल तर फिरायला जाताना मोबाइल खिशात लागणारच. नुसते चालणाऱ्याला जीपीएसची गरज नाही. पळणाऱ्याला किंवा सायकल चालवणाऱ्याला आहे.

दहा हजार पावलांचे दडपण घेऊ नये. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलेमापकामुळे तो रूढ झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी स्त्रियांवरच्या अभ्यासात दिवसाला साधारण ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिनिटांची आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम. मिनिटाला शंभर पावले म्हणजे साधारण मध्यम दम. तेव्हा आठवड्यातून पाच दिवस, सलग अर्ध्या तासात तीन हजार पावले हे लक्ष्य बँडवर लावावे. दिवसभर रेंगाळत केलेल्या दहा हजारांपेक्षा हा हिशेब सरळ आणि झेपणारा आहे.

कॅलरीच्या आकड्यावर जेवण ठरवू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटांवर सात वेगवेगळी उपकरणे तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सर्वात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले आणि सर्वात वाईट ९३ टक्के. त्यांत महागडी उपकरणेही होती. ‘आज ४०० कॅलरी जाळल्या’ म्हणून दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, तर वजन उतरत नाही याचा दोष चालण्याला देता येणार नाही.

झोपेबद्दल थोडक्यात: किती वाजता आडवे झालो आणि किती वाजता उठलो एवढे बँड बरे सांगतो. गाढ झोप इतकी मिनिटे आणि हलकी तितकी, हा अंदाज आहे. निश्चल पडून जागे असलात तरी तो झोप धरतो. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसाची झोप मोजली जाते का ते आधी तपासावे. काही बँड ठरावीक रात्रीच्या तासांपलीकडे बघतच नाहीत. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे यासाठी डॉक्टरकडेच जावे.

पाण्याबाबत दोन खुणा असतात. आयपी ६८ म्हणजे धूळ आणि गोड्या पाण्यात कंपनीने सांगितलेल्या खोलीपर्यंत, सांगितलेल्या वेळापुरते संरक्षण. पोहायला जायचे असेल तर ५ एटीएम लिहिलेले हवे, आणि त्याचाही अर्थ ५० मीटर खोल बुडी मारा असा नाही; तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. पावसात भिजल्याने चांगला बँड बिघडत नाही. बिघडतो तो गरम पाण्याच्या आंघोळीने, साबणाने आणि समुद्राच्या पाण्याने, कारण कडेचा रबरी सील आणि चिकटद्रव्य त्याने सुटते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलात तर घरी येताच साध्या पाण्याने धुऊन पुसा.

दुरुस्तीला येणाऱ्या बँडमध्ये एक बिघाड फार नेमाने दिसतो. पाठीवर चार्जरचे दोन बारीक सोनेरी ठिपके असतात. घाम आणि मीठ त्यांच्यावर बसते, चार्जिंग लावले की वीज वाहून तिथे हिरवट-काळा गंज धरतो आणि ‘चार्जच होत नाही’ म्हणून बँड टाकून दिला जातो. चार्जिंगला लावण्याआधी ते ठिपके कोरड्या सुती कापडाने पुसले तर हा प्रकार जवळपास होत नाही. गंज धरलाच असेल तर खोडरबराच्या कोपऱ्याने हलक्या हाताने घासा. चाकू-सुई लावली की वरचा मुलामा जातो आणि मग गंज कायमचा. पट्ट्याखाली पुरळ येते तेही बहुधा अडकलेल्या साबणामुळे आणि ओलीमुळे. रोज तासभर तरी हात मोकळा ठेवा.

‘१४ दिवस बॅटरी’ हा आकडा बरेच काही बंद ठेवून काढलेला असतो. ठोके सतत मोजणे, रात्रभर ऑक्सिजन, तणावमापन आणि सदैव चालू पडदा हे सगळे लावले की निम्मे दिवसही मिळत नाहीत. ठोके दर दहा मिनिटांनी, ऑक्सिजन बंद, पडदा हात उचलल्यावर, ही मांडणी रोजच्या वापराला पुरते. चार्जरवर किती व्होल्ट, किती अँपिअर हवे ते पुस्तिकेत असते, बहुधा ५ व्होल्ट १ अँपिअर. लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत चार्जिंगला लावलेला बँड फुगून त्याची काच उचलली गेली, तर आश्चर्य नाही. काच कडेने वर आलेली दिसली की वापर ताबडतोब थांबवा, दाबून बसवू नका. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी लोहचुंबकी चार्जर आणि चुंबकी पट्टा छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा. शर्टाच्या वरच्या खिशात टाकू नये.

मोबाइलशी जुळणी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ फक्त अँड्रॉइडवर चालतो, आयफोनवर नाही. दुकानातच स्वतःला मराठीत व्हॉट्सॲप संदेश पाठवून पाहा: ‘प्रज्ञाच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावर या’. काही घड्याळांवर नुसते चौकोन दिसतात, काहींवर वेलांट्या आणि जोडाक्षरे तुटून पडतात. मराठीतच संदेश येणाऱ्या आईवडिलांना असे घड्याळ निरुपयोगी. मोबाइल वारंवार बँडशी संबंध तोडत असेल तर बँड बदलण्याआधी मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरची बॅटरीची बंधने काढा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. ॲप प्ले स्टोअरवरच असावे. खोक्यावरचा क्यूआर कोड भलत्याच संकेतस्थळावरून फाइल उतरवायला सांगत असेल, तर ते घड्याळ घेऊ नका. संपर्क आणि एसएमएसची परवानगी नाकारली तरी पावले मोजली जातात. पट्टा २० किंवा २२ मिलिमीटरचा, साध्या पिनेचा असेल तर तुटल्यावर कुठेही मिळतो. खास आकाराचा पट्टा दोन वर्षांनी मिळेलच याची खात्री नाही.

स्मार्टवॉचला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर किंवा पाठीवर ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून कंपनीचे नाव जुळते का पाहा. रस्त्यावर पाच-सातशेला मिळणाऱ्या हुबेहूब नकलांवर हा क्रमांक नसतो किंवा दुसऱ्याचाच असतो. पक्के बिल घ्या. त्यावर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्या. आणि ज्यांचा मोबाइल चालताना खिशातच असतो त्यांनी आधी महिनाभर मोबाइलमधलाच पावलेमापक वापरून पाहावा. त्यात भागत असेल तर बँड घेण्याची गरज नाही.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. रक्तदाब मोजणारे यंत्र आपल्याकडे औषध कायद्याखाली येणारे वैद्यकीय उपकरण आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘बीपी’ आणि खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’, असे दुटप्पी लिहिणाऱ्यांची जाहिरात स्वीकारताना जाहिरात विभागाने परवान्याचा क्रमांक मागावा आणि तो नसेल तर बीपी-शुगर हे शब्द काढायला लावावेत. ज्या वाचकांनी अशा दाव्यावर विसंबून खरेदी केली आहे, त्यांनी बिल आणि जाहिरातीचे कात्रण जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ऑनलाइन घेतले असेल तर विक्रीच्या पानाचे छायाचित्र आजच काढून ठेवावे, कारण तक्रार झाली की ते पान बदलले जाऊ शकते.

आपला,
इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्ती व्यावसायिक, सांगली